शिबिरातली दुपार

एप्रिलच्या मध्यावर वार्षिक परीक्षांचे पेपर तपासून होत आले की पालकांचे फोन सुरू होतात. "सर, औंदा शिबिर हाय का?" असे विचारून झाले की पुढचे तीन प्रश्न ठरलेले असतात: फी किती, प्रमाणपत्र मिळते का आणि शिबिरात नेमके काय शिकवता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी लगेच देतो. तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र दरवर्षी अडखळतो, कारण शिबिराचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्या भागात आम्ही काहीच शिकवत नाही. हे फोनवर दोन मिनिटांत पटवून सांगता येत नाही, म्हणून यंदा सविस्तर लिहून काढायचे ठरवले.

मी लातूरमधल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. गेली आठ वर्षे आम्ही चार शिक्षक मिळून एका महाविद्यालयाच्या आवारातील छोट्या विज्ञान केंद्रात मे महिन्यात दहा दिवसांचे शिबिर घेतो. केंद्र म्हणजे दोन दालने, एक लांब व्हरांडा आणि वर गच्ची. दालनांत तीसेक उपकरणे मांडलेली आहेत आणि ती सगळी हात लावून, फिरवून, ओढून, फुंकून पाहण्यासाठीच आहेत. लंबक आहेत, कप्प्या आहेत, समोरासमोर लावलेले आरसे आहेत, सायकलचे फिरते चाक हातात धरून बसायची गोल फिरणारी खुर्ची आहे. यातली बरीच उपकरणे आयटीआयमधून निवृत्त झालेल्या एका निदेशकांनी स्वतःच्या हातांनी, भंगारातून सामान आणून बनवली आहेत. 'हात लावू नये' अशी पाटी केंद्रात कुठेही नाही. शिबिराला पाचवी ते आठवीची चाळीस मुले येतात.

पहिली दोन वर्षे शिबिर सकाळी आठ ते बारा असे असायचे. उन्हाळ्यात सकाळची वेळ बरी, असा साधा हिशेब त्यामागे होता. दुसऱ्या वर्षी शिबिर सुटल्यावर पायी घरी निघालेल्या सहावीतल्या एका मुलाला वाटेत ऊन लागले. एका दुकानदाराने त्याला सावलीत बसवून पाणी पाजले आणि घरी फोन केला म्हणून पुढचे निभावले. आई-वडील दोघेही कामावर होते, त्याला न्यायला येणार कोण, हा विचार आम्ही करायला हवा होता आणि तो केलेला नव्हता. बेचाळीस अंशांच्या उन्हात बरोबर बारा वाजता मुलांना रस्त्यावर सोडणारी वेळ आम्हीच आखली होती. त्या संध्याकाळी बसून आम्ही ठरवले की पुढच्या वर्षीपासून शिबिर दिवसभराचे करायचे: सकाळी आठला यायचे, डबा आणायचा आणि ऊन उतरल्यावर पाच वाजता घरी जायचे.

हा बदल केवळ उन्हासाठी होता. त्यातून शिबिराचा स्वभावच बदलेल, अशी कल्पना कुणालाच नव्हती. सकाळच्या चार तासांचे नियोजन आमच्याकडे तयार होते. जेवणानंतरच्या साडेतीन तासांचे काहीच नव्हते. शिक्षकही सकाळभर बोलून थकलेले असायचे. म्हणून दुपारी दोन्ही दालनांची दारे उघडी ठेवायची, सामानाच्या पेट्या व्हरांड्यात मांडायच्या, इजा होईल असे काही करू न देण्यापुरते लक्ष ठेवायचे आणि मुलांना हवे ते करू द्यायचे, असे ठरले. पेट्यांत काय असते, तर पारदर्शक नळ्या, सलाईनच्या रिकाम्या बाटल्या, चुंबक, तारा, टॉर्चचे बल्ब, पुठ्ठे, दोरे, गोट्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, आगपेटीच्या काड्या, भिंगे आणि पुष्कळशी बुचे.

पहिल्या दोन दुपारी मुले सारखी येऊन विचारतात, "सर, आता काय करायचं?" तिसऱ्या दिवशी हा प्रश्न बंद होतो. दरवर्षी तो साधारण तिसऱ्याच दिवशी बंद होतो, हे मी आता खात्रीने सांगू शकतो. तोपर्यंत कुणी कंटाळते, कुणी सतरंजीवर झोपून जाते, एखादी जोडी भांडते. पालकांपैकी कुणी नेमके त्या दोन दिवसांत डोकावले तर त्यांना वाटते की इथे गोंधळाखेरीज काही चाललेले नाही. त्यांना मी आणखी एक-दोन दिवस थांबा, एवढेच म्हणतो.

एका दुपारचा प्रसंग सांगतो. त्या दिवशी सकाळी मी पाणचक्कीविषयी बोललो होतो. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी सहलीत पाहिलेली असते, पण तिथले पाणी कुठून आणि कसे येते, हे त्यांना माहीत नसते. डोंगराकडच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापराच्या नळांतून खाली येते, भिंतीतून पुन्हा वर चढते, वरून हौदात कोसळते आणि त्याच्या जोरावर चक्की फिरते. पाणी ज्या उंचीवरून निघाले जवळपास त्या उंचीपर्यंत ते आपल्या आपण परत चढू शकते, मध्ये पंप लागत नाही, एवढेच मी सांगितले आणि फळ्यावर एक आकृती काढली.

जेवण झाल्यावर चार मुलांनी ते करून पाहायचे ठरवले. व्हरांड्याच्या एका टोकाला टेबल, त्यावर स्टूल, स्टुलावर पाण्याची बादली. बादलीतून निघालेली दहा मीटर लांबीची पारदर्शक नळी व्हरांड्याच्या फरशीवरून, मधल्या दाराच्या उंबरठ्यावरून पलीकडच्या दालनात नेली आणि दुसऱ्या टेबलावर चढवली. दुसरे टोक बादलीपेक्षा हातभर खाली होते. हिशेबाप्रमाणे तिथून पाणी यायला हवे होते. ते आले नाही. मुलांनी नळी तोंडाने ओढून पाहिली, फुंकून पाहिली, बादली आणखी उंच केली. नळीत कचरा अडकला असेल म्हणून ती पूर्ण रिकामी करून पुन्हा मांडली. सांडलेले पाणी फडक्याने टिपून, पिळून परत बादलीत घातले. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातल्या मुलांना पाणी जपून वापरा असे सांगावे लागत नाही.

मी खांबाला टेकून उभा होतो. अडचण कुठे आहे, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळले होते. उंबरठ्यावर नळीला जो उंचवटा आला होता, तिथे हवा अडकली होती. एक वाक्य बोलायचा अवकाश होता आणि ते वाक्य तोंडातच धरून ठेवणे मला फार जड जात होते. पंचवीस वर्षे वर्गात शिकवणाऱ्या माणसाला विचारण्याआधीच उत्तर द्यायची सवय लागलेली असते. चाळीस मिनिटे अशी गेली. मग चुंबकांशी खेळत बसलेली सातवीतली एक मुलगी उठून तिकडे आली. तिने नळीवरून बोट फिरवत फिरवत उंबरठ्यापर्यंत नेले आणि ती थांबली.

"हवा अडकली बगा इथं," ती म्हणाली. "पप्पा लेव्हल लावताना अशीच अडकती. मग टिचकी मारतेत."

तिचे वडील गवंडी आहेत. बांधकामावर दोन ठिकाणची पातळी जुळवायला गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात आणि त्या नळीत एक बुडबुडा जरी राहिला तरी माप चुकते, हे तिने लहानपणापासून पाहिलेले होते. तिने नळी उंबरठ्यावरून उचलली, एका हाताने तिरपी धरली आणि नखाने टिचक्या मारत मारत तो लांबट बुडबुडा सरकवत टोकापर्यंत नेला. बुडबुडा बाहेर पडला, नळीने एक उचकी दिल्यासारखा आवाज केला आणि पलीकडच्या टेबलावरून पाणी धार धरून पडू लागले. त्या चौघांनी केलेला आरडाओरडा खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना नहर-ए-अंबरीबद्दल सांगितले. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, सतराव्या शतकाच्या आरंभी बांधून घेतलेली ही पाणीवाहिनी. तिच्या मार्गावर जागोजागी दगडी मनोरे उभे दिसतात. ते कशासाठी असतील, असे मी विचारले. सहलीला गेलेल्या कितीतरी वर्गांना मी हा प्रश्न पूर्वी विचारला आहे आणि त्यावर बहुधा शांतताच पसरते. या वेळी आदल्या दिवशीच्या चौघांपैकी एकजण हात वर न करताच म्हणाला, "हवा जायला." उंचवट्यावर अडकलेल्या हवेच्या पलीकडे पाण्याचा दाब पूर्ण पोचत नाही, हे वाक्य पुस्तकात एका ओळीत मावते. त्या मुलाने त्या ओळीसाठी चाळीस मिनिटे, एक ओला शर्ट आणि दोन भांडणे खर्च केली होती, म्हणून ते उत्तर त्याचे स्वतःचे होते.

हात लावून शिकायच्या अशा संग्रहालयांची गोष्ट सांगताना फ्रँक ओपनहायमर यांचे नाव घ्यावेच लागते. अणुबाँबच्या प्रकल्पामुळे जगाला माहीत असलेल्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे भाऊ, आणि स्वतःही त्याच प्रकल्पात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ. पूर्वीच्या राजकीय संबंधांच्या चौकशीमुळे १९४९ मध्ये त्यांना विद्यापीठातील नोकरी सोडावी लागली आणि पुढची कित्येक वर्षे ते कोलोरॅडोत गुरे पाळून राहिले. मग तिथल्याच एका लहान गावातल्या हायस्कुलात ते शिकवू लागले आणि मुलांना घेऊन भंगाराच्या ढिगाऱ्यावर जाऊ लागले, तिथल्या मोडक्या यंत्रांचे भाग हाताळायला लावू लागले. पुढे १९६९ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे एक्सप्लोरेटोरियम सुरू केले, तेव्हा त्यामागे ही सगळी वर्षे होती. तिथे मांडलेली उपकरणे कशी बनवायची, याच्या कृती त्यांनी छापून जगासाठी खुल्या केल्या आणि त्यावरून देशोदेशीच्या लोकांनी आपापली केंद्रे उभारली. आमचे निवृत्त निदेशक हे काम पाहून एकदा एवढेच म्हणाले होते की हा माणूस आपल्या जातकुळीतला दिसतो. भंगारातून सामान निवडणाऱ्याने भंगारातून सामान निवडणाऱ्याला दिलेली ती दाद होती.

संग्रहालयात कुणी नापास होत नाही, असे फ्रँक ओपनहायमर म्हणत असत. लातूरमध्ये हे वाक्य जरा जास्तच लागून जाते. आमचे शहर निकालांसाठी ओळखले जाते. 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर माहीत आहे आणि त्या पॅटर्नने खेड्यापाड्यांतल्या अनेक घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर घडवला आहे. माझ्या सख्ख्या पुतणीचे शिक्षणही त्याच वाटेने झाले, त्यामुळे त्याबद्दल मी उणा शब्द काढणार नाही. पण प्रवेश परीक्षेत एका प्रश्नाला सुमारे एक मिनिट मिळतो, आणि त्या मिनिटाची तयारी आता पाचवी-सहावीपासूनच सुरू होऊ लागली आहे. मे महिन्यातही पायाभरणीच्या बॅच असतात. ज्या मुलाचा प्रत्येक तास कुणीतरी आखून दिलेला आहे, त्याला एका बुडबुड्यावर चाळीस मिनिटे घालवायला मिळणार कुठे? शिबिराची दुपार मी त्यासाठी राखून ठेवतो. मध्यंतरी एका शिकवणी वर्गाने शिबिराचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. अट एकच होती, शेवटच्या दिवशी त्यांची चाचणी घ्यायची आणि गुणांप्रमाणे पहिल्या दहा मुलांचे फोटो फलकावर लावायचे. खर्चाची आम्हाला निकड होती, तरीही आम्ही नाही म्हणालो आणि त्या वर्षी माठ, सतरंज्या आणि दोन पंखे ओळखीच्या घरांतून मागून आणले.

आपल्या देशात या प्रकारच्या केंद्रांचा इतिहास काही अगदी नवा नाही. कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालय १९५९ मध्ये सुरू झाले. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद १९७८ मध्ये स्थापन झाली, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये आणि नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये लोकांसाठी उघडले. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला कितीतरी मुले शिकली. मोठ्या केंद्रात आम्ही मुलांना एकदा सहलीला नेले होते. दोन रात्री प्रवासात गेल्या आणि प्रत्यक्ष केंद्रात तीन तास मिळाले. मुले एका उपकरणावरून दुसऱ्यावर धावत राहिली, बटण दाबायचे आणि पुढे पळायचे. दोष त्या केंद्राचा मुळीच नव्हता. चाळीस मुले, शंभर उपकरणे आणि परतीच्या गाडीची वेळ असे गणित असल्यावर दुसरे काय होणार? रोज सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाता येईल असे केंद्र जवळ असले, तर कालचा अर्धा प्रयोग आज पुरा करता येतो. म्हणून मला मोठ्या शहरातल्या एका भव्य इमारतीपेक्षा तालुक्या-तालुक्याला दोन खोल्या आणि एक व्हरांडा जास्त हवासा वाटतो.

पेटीतल्या आगकाड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांचीही एक परंपरा आहे. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समधून, वर्षभराची रजा घेऊन अभियंते अरविंद गुप्ता मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे खेड्यातल्या मुलांसाठी काड्या आणि सायकलच्या रबरी नळीचे तुकडे जोडून आकृत्या बनवण्याची युक्ती त्यांनी आकाराला आणली. चार काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. हे सांगायला एक मिनिट पुरते. आमच्या एका मुलाने त्यावर तीन दुपारी घालवल्या.

तो औसा तालुक्यातला आहे, सुटीत लातूरला काकांकडे राहायला आला होता. त्याने काड्यांचे घर बांधले. मग परातीत गोट्या पसरून त्यांवर लाकडी पाट ठेवला, पाटावर घर ठेवले आणि पाट पुढे-मागे हलवायला सुरुवात केली. हा प्रयोग आम्ही दाखवलेला नव्हता, तो कुणाच्या तरी बोलण्यातून त्याच्या डोक्यात आला असावा. घर हलले, पण पडले नाही. तो उठून बागेत गेला, ओली माती घेऊन आला, पुठ्ठ्यावर थापली आणि ते छप्पर घरावर ठेवले. या वेळी तिसऱ्या हेलकाव्याला घर आडवे झाले.

"आज्जीच्या घराला असं माळवद होतं," तो म्हणाला.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनानंतरची ती पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. किल्लारी परिसरातला भूकंप आमच्या पिढीला तारीख न विचारता आठवतो. जवळपास दहा हजार माणसे गेली. दगड आणि मातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी छत आणि छतावर हातभर मातीचा थर, अशी त्या भागातली घरे होती. ही घरे बांधणारे लोक अडाणी नव्हते. मराठवाड्याच्या उन्हात माळवदाचे घर जितके थंड राहते तितके पत्र्याचे किंवा सिमेंटचे राहत नाही, आणि शतकानुशतके त्या घरांनी लोकांना सुखाने नांदवले होते. हे सगळे मी त्या मुलाला सांगितले नाही, कारण त्याने विचारलेले नव्हते. दुसऱ्या दुपारी त्याने घराच्या कोपऱ्यांत त्रिकोण घातले. तिसऱ्या दुपारी दारा-खिडक्यांच्या वरच्या उंचीवर घराभोवती एक रबर बँड गुंडाळला आणि तेच मातीचे छप्पर ठेवून पाट हलवला. घर पुष्कळ वेळ टिकले. भूकंपानंतर नव्याने बांधलेल्या घरांच्या भिंतींना चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा का घालतात, ते तो रबर बँडने शोधून बसला होता.

मग त्याने विचारले, "सर, आज्जीच्या घराला पट्टा का नव्हता?"

या प्रश्नाला गप्प राहून चालणार नव्हते. मी त्याला जवळ बसवून सांगितले की भूकंपाच्या धोक्याचे जे नकाशे त्या काळी होते, त्यांत आपला भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात दाखवलेला होता. इथे एवढा मोठा भूकंप होईल, असे कुणाला वाटत नव्हते. तो बराच वेळ त्या पाटाकडे पाहत राहिला. मुलांनी स्वतः शोधावे, असे मी एवढा वेळ लिहीत आलो आहे, पण माहिती देण्याची वेळ कोणती आणि थांबण्याची कोणती, हे दर वेळी नव्याने ओळखावे लागते आणि माझेही ते कधीकधी चुकते.

आमच्याकडे शिबिर केलेली आणि आता अकरावी-बारावीत गेलेली काही मुले मदतीला येतात, त्यांना सगळे ताई-दादा म्हणतात. एक्सप्लोरेटोरियममध्येही अगदी सुरुवातीपासून तरुण मुलेच पाहुण्यांशी बोलायला असत, हे मी नंतर वाचले. ताई-दादांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. कुणी विचारले की आधी "तुला काय वाटतं?" असे उलट विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ही मुले हुशार असतात, पण झटपट उत्तर देण्यात वाढलेली असतात. पहिल्या आठवड्यात त्यांना थांबणे जमत नाही. ज्या दिवशी एखादी ताई ओठ मिटून पाच मिनिटे एका लहान मुलाशेजारी नुसती बसते, तो दिवस मी वहीत लिहून ठेवतो.

बाकी व्यवस्थेबद्दल थोडक्यात. डबा घरून आणायचा आणि शक्यतो वाटून खायचा. वाळा घातलेले दोन माठ व्हरांड्यात असतात. गेल्या वर्षी एका गटाने सावलीतल्या हवेचे तापमान मोजले तर ते एक्केचाळीस अंश आले आणि माठातल्या पाण्याचे सत्तावीस. त्या फरकावरून त्यांनी दोन दिवस कोरडा माठ, ओला माठ, ओले फडके गुंडाळलेली बाटली असा मोठा संसार मांडला होता. दुपारी लाइट जाते, हे गृहीत धरूनच सगळे आखलेले असते. मुलींच्या पालकांना पाचपर्यंत मुलगी बाहेर राहणार याची काळजी वाटते, म्हणून दोन शिक्षिका पूर्ण दिवस थांबतात आणि न्यायला कुणी आल्याशिवाय एकाही मुलाला सोडत नाहीत. प्रमाणपत्र देतो, त्यावर मुलाचे नाव आणि त्याने स्वतःच सांगितलेल्या एका प्रयोगाचे नाव असते.

शिबिर ५ ते १५ मे या काळात, मधला रविवार सोडून, घेण्याला एक कारण आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. लातूरला तो पहिल्यांदा १३-१४ मेच्या सुमारास येतो. दुसरी वेळ जुलैच्या अखेरीस असते, पण तेव्हा आभाळ भरलेले असते. मुलांना आणि बहुतेक मोठ्यांनाही वाटते की रोज दुपारी बाराला सावली नाहीशी होते. पहिल्या दिवशी आम्ही गच्चीवर ओळंबा लावून मीटरभर उंचीची एक सळई सरळ उभी करतो आणि मुलांना तिच्या सावलीच्या टोकाला खडूने खूण करायला सांगतो. टोप्या घालायच्या, पायांत चपला हव्यात, सूर्याकडे पाहायचे नाही, दहा-दहा मुलांनी पाळीपाळीने वर यायचे. दोन-तीन दिवसांत त्यांच्या लक्षात येते की सावली सर्वांत आखूड बाराला होत नाही, बारा वीसच्या आसपास होते. ती उत्तरेकडे पडते आणि रोज साधारण अर्धा सेंटीमीटर कमी होते. खडूच्या खुणा सळईकडे सरकत जातात आणि मग मुले स्वतःच भाकीत करू लागतात की अमुक दिवशी ती संपणार.

त्या दिवशी सळईबरोबर प्रत्येकाने आपापली वस्तू आणलेली असते: पेला, बांगडी, पाइपचा तुकडा, औषधाची बाटली. गेल्या वर्षी कुणी वेळ पुकारत होते, बारा अठरा, बारा एकोणीस, आणि बारा वीसला चाळीस पेल्यांच्या आणि बाटल्यांच्या सावल्या त्यांच्याच बुडाखाली शिरल्या. पाचवीतल्या एका मुलाने आपल्या दोन्ही पायांभोवती पाहिले आणि घाबरून शेजारच्याचा हात धरला. शेवटच्या दिवशी, १५ तारखेला, सळईची सावली परत दिसू लागली होती, पुसटशी, पण दक्षिणेला. ज्या मुलांनी इतके दिवस उत्तरेकडे खुणा केल्या होत्या, ती फरशीच्या दुसऱ्या बाजूला गुडघे टेकून बसली होती आणि त्या खुणेसाठी खडू कुणी धरायचा यावरून त्यांचे भांडण चालले होते.

शिबिर संपल्यावर दुसऱ्याच दिवशी दुपारी माझा फोन वाजला. बुडबुडा काढणारी ती मुलगी सुटीसाठी नांदेडला मामाकडे गेली होती.

"सर, आज इथं गेली सावली. पण बारा सतराला गेली. लातूरला बारा वीस होते. मामाच्या मोबाइलवरच टाइम बघितला, चुकलं नाही. तीन मिनिटं आधी कशी गेली?"

उत्तर माझ्या जिभेवर आले होते. मी विचारले, "तुला काय वाटतं?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोलले नाही. मागून तिच्या मामी तिला जेवायला हाक मारत होत्या.

"सर, इथं मामाकडं नकाशा असंल. बघते," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.